अमेरिकेची दीड रुपयाची नोट

माझा बाप पारखी होता आणि त्याचा बापही. रुपया खरा की खोटा, किती झिजलेला, कुठल्या टाकसाळीचा, हे सांगणं हा आमच्या सोनाराच्या घरचा धंदा. लोक म्हणायचे की आमच्या घरातलं तान्हं मूलसुद्धा खणखणीत रुपया वाजला तर हसतं आणि बद्द वाजला तर रडतं. तेवढं खरं नव्हतं, पण डोळे मिटून, नुसत्या नखाच्या टिचकीवर, हा हैदराबादचा हाली, हा नागपुरी, हा कंपनीचा, असं मी विसाव्या वर्षी सांगत असे, आणि त्याचा मला फार गर्व होता.

अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली तेव्हा मी पंचविशीत होतो. तिथला कापूस विलायतेला जाईना म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला. अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग लागे आणि चांदीचा रुपया पोत्यांनी येई. एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मी सकाळपासून दगडावर रुपये वाजवीत बसायचो. संध्याकाळी जेवताना ताट वाजलं तरी माझा कान तिकडे वळायचा. बायको म्हणायची, "आता हे ताट काशाचं हाये, खरं हाये, जेवा."

मग ती लढाई संपल्याची खबर आली आणि भाव असा कोसळला की महिन्याभरात निम्म्या पेढ्यांना कुलपं लागली. त्यांत आमचीही होती. मी सराफ्यात एका ओट्यावर माझा दगड घेऊन बसू लागलो. कोणी लग्नाच्या आधी चार रुपये पारखून घेई, कोणी जुना दागिना दाखवी. चार पैसे मिळत. दुपारी तर माशाही माझ्याकडे येत नसत.

अशाच एका दुपारी ती आली. गावाबाहेर, कापसाच्या गाठी बांधायचं नवीन यंत्र उभारलं होतं त्याला लागून तिचा भाजीचा मळा होता. जातीनं माळीण, वय पन्नाशीच्या पुढे, नवरा कधीच गेलेला, मुलगा आणि सून हाताखाली. तिची वांगी बाजारात नावाजलेली, आणि तिची जीभही. भाव करणाऱ्याला ती म्हणायची, "घ्याचं असन तं घे, नाहीतर वांगं पाहून घरी जाय, पाहाचे पैसे नाही घेत मी."

तिनं पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, हे पाय ना जरा. किती पैशाचं हाये?"

कागदावर बारीक रेघांची नक्षी होती, दोन बायका एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, लाल शिक्का होता, मागच्या बाजूला हिरव्या चौकटीत काळं चित्र. सरकारी नोट मी तोवर दोन-तीनदाच पाहिली होती, आणि ती अशी नव्हती. विलायती कापडाच्या ठाणावर अशीच चित्रं चिकटवलेली येत. मी हातात न घेताच म्हणालो, "बाई, हे कापडाच्या ठाणावरचं चित्र हाये. याले काही किंमत नाही."

ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी नाही म्हना, पन पाहून म्हना. मी वांगं देतानी उलटं करून पाह्यतो, कीड हाये का. तुमी तं हातपन नाही लावला."

आजूबाजूचे दोन सराफ हसले. माझे कान गरम झाले. पण ती बोलली त्यात चूक काहीच नव्हती. मी कागद उचलला, नीट पाहिला आणि मान्य केलं, "माय, मले हे समजत नाही. चांदी समजते. कागद समजत नाही."

"हे सांगतलं ते बरं केलं," ती म्हणाली, आणि ओट्यावर टेकून तिनं सगळी हकीकत सांगितली.

ते गाठी बांधायचं यंत्र बसवायला एक गोरा कारागीर आला होता. त्याला मीही ओळखत होतो. सगळं गाव त्याला इंग्रज समजे, पण तो स्वतः छातीवर हात मारून "अमेरिका, अमेरिका" म्हणे. त्याचं आडनाव आमच्या लोकांनी मोडूनतोडून असं काही केलं होतं की त्याच्या आईनंही ओळखलं नसतं. यंत्र उभं राहिलं आणि साहेब आडवा झाला. ताप भरला, उतरेना. मरी आली या भीतीनं त्याचा स्वयंपाकी पळून गेला. मळ्यातून पाणी सोडताना हिला पत्र्याच्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. ती आत गेली. तीन आठवडे तिनं त्याला ज्वारीची आंबील पाजली, डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, त्याचे कपडे धुतले. गावात बोलणारे बोलले. ती म्हणाली, "मरू द्याचा होता का मंग?" थोडा सावरल्यावर मुंबईहून बोलावणं आलं आणि त्याला डोलीत घालून बडनेऱ्याच्या स्टेशनावर नेलं. निघताना त्यानं हा कागद तिच्या हातात कोंबला.

"आता आली पंचाईत," ती म्हणाली. "तापात होता तो. तापातल्या मानसानं देलं ते देलं नसते. हे जर शंभर-दोनशाचं असन तं मले वापस करा लागन. अन् चार आन्याचं असन तं मी ठेवून घेईन, त्याची आठवन म्हनून. म्हनून इचारून राहिली."

पैसे मिळावेत म्हणून किंमत विचारणारी माणसं मी रोज पाहत होतो. जास्त निघाली तर परत करावी लागेल म्हणून विचारणारी ही पहिलीच.

आम्ही बाजारातल्या एका दलालाकडे गेलो. तो मुंबईला जाऊन आलेला. त्यानं कागद उजेडात धरला, उलटला आणि म्हणाला, "फुकट आहे. पण चित्र छान आहे. लेकरांना खेळायला होईल. आठ आणे देतो." ती हो म्हणायच्या आधीच मी कागद त्याच्या हातातून घेतला. फुकटच्या चीजेला आठ आणे देणारा दलाल अमरावतीत जन्माला आलेला नव्हता. कागद समजत नसला तरी माणूस मला समजत होता.

अकोल्याला एका कापूस खरेदी करणाऱ्या परदेशी कोठीत एक म्हातारे कारकून आहेत, त्यांना विलायतेच्या सगळ्या कागदांची माहिती असते, असं कोणीसं सांगितलं. मी म्हणालो, "माय, मी जाऊन येतो."

"मीबी येतो," ती म्हणाली. "तुमच्यावर भरोसा नाही असं नाही. पन आठ आने काहून देत होता तो, हे मलेबी ऐकाचं हाये."

रेल्वे नवीनच सुरू झाली होती. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत ती खिडकीला चिकटून बसली. मूर्तिजापूरच्या आसपास म्हणाली, "शेतं पयून राहिली, पन विहिरी जाग्यावरच दिसते." मला आजही गाडीत बसलं की विहिरींकडेच बघावंसं वाटतं.

कारकून कोकणातले होते. अकोल्याचं ऊन त्यांना सोसत नसे, म्हणून डोक्यावर ओलं उपरणं ठेवून ते लिहीत बसलेले. नाकात तपकीर, जिभेवर तिखट. "तुम्ही कोण? काम काय? ही बाई कोण?" असं त्यांनी एका दमात विचारलं. मी सांगू लागलो. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला. "कागद दाखवा. कहाणी नंतर."

कागद हातात घेतल्यावर मात्र त्यांचा सगळा नूर बदलला. त्यांनी उपरणं काढलं, हात पुसले, टेबलाच्या खणातून भिंग काढलं. बराच वेळ ते भिंग कागदावरून बोटभर बोटभर सरकवत राहिले. मी आमच्या धंद्यातला माणूस. खरा पारखी कसा बसतो ते मला कळत होतं. माझा बाप असाच बसायचा.

"ही बँकेची नोट आहे," ते शेवटी म्हणाले. "अमेरिकेची. एक डॉलरची. इकडे या, पारखी ना तुम्ही? मग बघा."

त्यांनी मला भिंगातून दाखवलं. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या नोटेच्या पाठीशी सरकारी रोखे खजिन्यात ठेवलेले आहेत. "म्हणजे काय? बँक बुडाली तरी नोट बुडत नाही. लढाई चालू असतानाच त्यांनी हा कायदा केला. त्याआधी तिथे हजार तऱ्हेच्या नोटा होत्या, निम्म्या खोट्या." मग गावाचं नाव. प्रत्येक नोटेवर ती काढणाऱ्या बँकेचं आणि गावाचं नाव असतं. चित्रं सगळ्यांची सारखी, गाव वेगळं. मागच्या हिरव्या चौकटीत त्या प्रांताची मुद्रा असते, ती गावाशी जुळली पाहिजे. आणि मग सह्या. "चार आहेत. या दोन खजिन्याच्या अधिकाऱ्यांच्या, त्या छापलेल्या. रेघ बघा, सगळीकडे सारखी. या खालच्या दोन हातानं केलेल्या. शाई बघा, वळणावर दाटलेली आहे, टाक उचलला तिथे बारीक झालेली. हातानं सही केल्याशिवाय ही नोट म्हणजे नुसतं चित्र. तुमची ही खरी आहे."

"किंमत?" मी विचारलं.

त्यांनी मुंबईहून आलेलं भावपत्रक उघडलं. "सोन्याचा डॉलर असता तर दोन रुपयांच्या वर. कागदाच्या डॉलरला लढाईपासून बट्टा आहे. दीड रुपया धरा. मुंबईत कोणी घेईल तर. घडी पडली नसती तर दोन आणे जास्त म्हणालो असतो."

म्हातारीनं मोठा सुस्कारा सोडला. "दीड रुपया! मंग ठेवतो मी. निभते तेवढं." तिच्या तोंडावरचा महिन्याभराचा ताण उतरलेला मला दिसला.

कारकून भिंग ठेवणार होते. मी सहज विचारलं, "सह्या कोणाच्या आहेत? वाचा की."

त्यांनी वाचल्या. खालच्या दोहोंपैकी एक बँकेच्या अध्यक्षाची. दुसरी खजिनदाराची. ते दुसरं आडनाव त्यांनी उच्चारलं आणि मी चमकलो.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. आमच्या गावानं मोडूनतोडून टाकलं होतं ते हेच आडनाव होतं.

"माय," मी म्हणालो, "ही त्या साहेबाच्या घरच्या माणसाची सही हाये."

मग तिनं हळूच तो कागद स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "कोनती?" कारकुनांनी बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"येच्यावरच बोट ठेवलं होतं त्यानं," ती म्हणाली. "घडी घडी. अन् मंग हनुवटीच्या खाली असा हात फिरवला, दाढीसारखा. अन् छातीले हात लावला. मले वाटलं, म्हातारा होईपर्यंत तुले इसरनार नाही, असं म्हनून राहिला. तो बापाचं सांगत होता. माहा बाप, माहा बाप, असं सांगत होता, अन् मले समजलं नाही."

कारकुनांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच बंद केली.

"आता याची किंमत दीड रुपया नाही राहिली," ती म्हणाली. "हे मी नाही ठेवत. याले वापस धाडा."

मी तिला समजावलं. त्यानं शुद्धीत दिलं आहे, मनापासून दिलं आहे, परत केलं तर त्याला वाईट वाटेल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यानं देलं, मले पोचलं. देनं झालं. पन ते अक्षर मले वाचता येत नाही, त्याले येते. ज्याले वाचता येते त्याच्यापाशीच बापाचं अक्षर असावं."

पत्ता आमच्या हातातच होता. नोटेवरच गाव, प्रांत आणि बँक छापलेली. कारकुनांनी बापाच्या नावानं लिहायला कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "सांगा बाई." ती वऱ्हाडीत सांगत गेली, ते इंग्रजीत लिहीत गेले. त्यातलं एक मला आठवतं: "तुमचा पोरगा आमच्याकडे होता तेव्हा त्याले ताप होता. आता उतरला असन. आंबील आवडत नव्हती तरी पेत होता. शहाना हाये." हे त्यांनी कसं लिहिलं देव जाणे, पण लिहिताना ते हसत नव्हते. नोट पत्रात घालून टपालाचे पैसेही त्यांनीच भरले. आम्ही देऊ लागलो तर म्हणाले, "पुढल्या वेळी येताना वांगी आणा. अकोल्याची वांगी म्हणजे नुसत्या बिया."

वांगी घेऊन मीच गेलो, पंधरा दिवसांनी. त्या वेळी त्यांनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, "चांदी वाजवून किती दिवस पोट भरणार आहात? सरकारी कागद येतोय. खजिन्यात कागद ओळखणारा माणूस लागणार. तुमची नजर चांगली आहे. अक्षरं तेवढी नाहीत."

माझं वय तिशीला टेकलेलं, घरी दोन लेकरं. या वयात अक्षरं गिरवायची लाज वाटत होती. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जा. इथं बसून माशा तं मारून राहिले." तिनं माहेरचं एक वाळं मोडलं आणि चार महिने घर चालवलं. ते वाळं मी पुढे करून दिलं, पण तिनं तेव्हा मोडलं ते कशानं भरून निघणार?

चार महिने मी अकोल्याला त्या कारकुनांच्या पडवीत राहिलो. पहाटे ते मला इंग्रजी अक्षरं आणि आकडे घोकायला लावत. दुपारी कोठीत आलेल्या नोटा दाखवत. कागद उजेडात धरला की आतून उमटणारी खूण, आकड्याचं वळण, मुंबईच्या कचेरीची नोट कोणती आणि नागपूरच्या कचेरीची कोणती. तेव्हा चोरांच्या भीतीनं लोक नोट मधोमध कापून एक तुकडा आधी आणि दुसरा मागाहून टपालानं पाठवत. दोन्ही तुकड्यांवरचे आकडे जुळवायला त्यांनी मला शिकवलं. चुकलो की ते फार लागेल असं बोलत. एकदा मी चिडून निघालो, स्टेशनापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांनी नुसतं म्हटलं, "पाणी प्या आणि तो पाच पुन्हा काढा." त्यांनी माझ्याकडून कधी दमडी घेतली नाही. मी त्यांचा कोणी लागत नव्हतो, माझ्या जातीचे ते नव्हते, माझ्या मुलखाचेही नव्हते.

अमरावतीच्या सरकारी खजिन्यात मला जागा मिळाली ती त्यांच्या चिठ्ठीवर. मी तिथे माझं आयुष्य काढलं.

अमेरिकेचं उत्तर यायला जवळजवळ वर्ष लागलं. ते अकोल्याला आलं. मला वाटलं, ते टपालानं पुढे पाठवतील. पण एका रविवारी, भर वैशाखात, ओलं उपरणं डोक्यावर घेऊन ते स्वतः अमरावतीला उतरले, आणि आम्ही तिघं मळ्यातल्या आंब्याखाली बसलो.

पत्र बापाचं होतं. मुलगा घरी पोचला होता, वाळलेला पण जिवंत. बँक उघडली तेव्हा बापानं ज्या पहिल्या नोटांवर सह्या केल्या, त्यांतली एक त्यानं परदेशी असलेल्या मुलाला पत्रात घालून पाठवली होती. मुलानं ती आजारपणातही खर्चली नाही. निघताना त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, म्हणून ती त्यानं दिली. म्हाताऱ्यानं पुढे लिहिलं होतं की या नोटेवर, आणणाऱ्याला मागताक्षणी पैसे देऊ, असं वचन छापलेलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे. नोट माझ्याकडे आली, तेव्हा वचन पाळणं भाग आहे. मुलगा सांगतो की तुमचा मळा आहे.

पाकिटात कागदाच्या सात पुड्या होत्या. बियाणं होतं.

कारकून एकेका पुडीवरचं नाव वाचत, मराठीत काय म्हणावं ते न सुचून नुसतेच हातानं आकार दाखवत. ती प्रत्येक पुडी नाकाशी धरून वास घेई. तिनं सगळं पेरलं. पाच वाफे आमच्या उन्हानं जाळले. एक उगवलं आणि बकरीनं खाल्लं. एक भोपळा मात्र लागला, पिवळा, गळ्याशी वाकडा, लहानसा. चवीला फार काही नव्हता. आमच्या बायकोनं एकदा भाजी केली आणि म्हणाली, "तिखट जास्त लागते याले." पण म्हातारी दरसाल बी धरायची, आणि बाजारात त्याला "साहेबाचा भोपळा" म्हणून गिऱ्हाईक यायचं. एक भोपळा ती न चुकता आमच्याकडे धाडायची.

ती गेली तेव्हा मी खांदा दिला. सोनाराच्या पोरानं माळणीला खांदा दिला म्हणून दोन नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. माझ्या घरचं जे काही बरं झालं ते तिच्यामुळे सुरू झालं. त्या दुपारी ती उठून गेली असती तर मी अजून दगडावर रुपये वाजवीत बसलो असतो.

कारकून म्हातारपणी कोकणात परतले. त्यांचं ऋण फेडायला काय करू, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मला नको. पुढे कोणाला तरी शिकवा." माझ्या मुलांना शाळेनं शिकवलं. मी माझ्या धाकट्या मुलीला शिकवलं. रोज खजिन्यातून आल्यावर ओट्यावर पाटी घेऊन आम्ही बसायचो, मराठी अक्षरं आधी, मग इंग्रजी. शेजारची एक बाई म्हणाली, "पोरगी शिकून का खजिन्यात बसनार हाये का?" मुलगी म्हणाली, "नाही, पन बाबाच्या चुका काढीन." आणि काढायचीही.

आता मला दिसत नाही. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला आहे. धाकटी सासरहून चार दिवस आली आहे. मी सांगतो आणि ती लिहिते. मधे मधे थांबून म्हणते, "बाबा, हे दोनदा सांगितलं," आणि खोडून टाकते.